मुलाखत तीनदा टळली, आणि ड्राफ्टवर नाव दुसऱ्याचं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते इतरांनाही कळेल. वकिलीची सनद मिळून तीन वर्षं झाली. फोर्टमधल्या एका सिनियरांकडे काम, बहुतेक दिवाणी: हायकोर्टाची अपेलेट साइड (मुख्यतः खालच्या कोर्टांतून आलेली प्रकरणं चालतात तो विभाग) आणि ठाण्याचं कोर्ट. लोअर परळच्या एका मोठ्या फर्मने मुलाखतीला बोलावलं. पहिली वेळ पार्टनर मॅडम पार्ट-हर्ड मॅटरमध्ये, म्हणजे सुनावणी अर्धी झालेल्या प्रकरणात, अडकल्या म्हणून गेली. दुसरी संध्याकाळी सहाची; ती रद्द झाल्याचा मेल पावणेसहाला आला, तेव्हा तुम्ही त्यांच्या इमारतीच्या लिफ्टपाशी होतात. तिसऱ्या वेळी रिसेप्शनवर दोन तास बसवलं आणि एका असोसिएटने येऊन "आज होईल असं वाटत नाही" एवढंच सांगितलं. आता चौथी वेळ आलीये, गुरुवारी दुपारी तीनची, आणि त्याच दिवशी ठाण्यात तुमच्या मॅटरमध्ये साक्षीदाराचा उलटतपास आहे. इकडे ऑफिसात तुम्ही केलेला रिट याचिकेचा ड्राफ्ट दुसऱ्या ज्युनियरने स्वतःचा म्हणून सरांपुढे ठेवला, क्लार्क तुम्हाला बोर्ड (दुसऱ्या दिवशीच्या मॅटर्सची कोर्टाची यादी) उशिरा पाठवतो, आणि "ही चाललीये" अशी कुजबुज सुरू आहे. जायचं का, आणि ऑफिसचं काय करायचं?

गुरुवारी जाऊ नका. हे आधी सांगते, कारण बाकी सगळं सावकाश ठरवता येईल, पण साक्षीदार पिंजऱ्यात असताना स्वतःच्या मुलाखतीसाठी तारीख मागणं म्हणजे अशिलाच्या पैशाने नोकरी शोधणं आहे. ठाण्याच्या कोर्टात तारीख मिळेलही. पण "वकील वैयक्तिक कारणामुळे गैरहजर" हे रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) येतं, समोरची बाजू ते लक्षात ठेवते, आणि तुमच्या सरांना ते क्लार्ककडून त्याच संध्याकाळी कळतं. शिवाय जी फर्म तुम्हाला लिटिगेशनसाठी (कोर्टातल्या कामासाठी) घेणार आहे, तिला उलटतपासासाठी मुलाखत पुढे ढकलणारी मुलगी आवडायला हवी. नाही आवडली, तर तुमचा पुढचा बराच त्रास वाचला.

आता वेळ बदलण्याबद्दल. मी मुलाखती घेणाऱ्यांच्या बाजूला बरीच वर्षं बसते, त्यामुळे थोडी त्यांची वकिलीही करते. मुंबईत हायकोर्ट साडेदहाला बसतं आणि साडेचारच्या सुमाराला उठतं. उद्याचं बोर्ड आज संध्याकाळी येतं, सप्लिमेंटरी (पुरवणी यादी) त्याहून उशिरा. म्हणजे आपला उद्याचा दिवस कसा जाणार हे कोर्टात उभ्या राहणाऱ्या माणसाला आदल्या रात्रीपर्यंत माहीत नसतं. कोर्ट उठलं की काउन्सेलच्या (कोर्टात युक्तिवाद करणाऱ्या वकिलांच्या) चेंबरमध्ये कॉन्फरन्स सुरू होतात, आणि "सहा वाजता" ठरलेली कॉन्फरन्स आधीची लांबल्यामुळे पावणेआठला सुरू होते. कामाच्या दिवशी संध्याकाळी सहाला ठेवलेली मुलाखत अशा रीतीने जन्मतःच डळमळीत असते. त्यामुळे पहिली वेळ पार्ट-हर्डमुळे गेली, यात मला काहीही गैर दिसत नाही. पार्ट-हर्ड सोडून मुलाखत घ्यायला आलेल्या पार्टनरकडे मी तरी काम करणार नाही.

दुसरी वेळ मात्र वेगळी. पार्टनर सहाला मोकळ्या होणार नाहीत हे त्यांच्या टीमला चारला कळलं असणार. ते एचआरला साडेपाचला सांगितलं गेलं आणि तुम्हाला पावणेसहाला. यात दुष्टपणा नाही. डोंबिवलीहून किंवा फोर्टहून कोणी निघालं असेल हा विचार त्या साखळीत कोणाच्याच डोक्यात आला नाही, एवढंच. आणि तिसऱ्या वेळेला खरी माहिती मिळते. उशीर किती झाला ते सोडा. दोन तासांत कोणी पाणी विचारलं का? पहिल्या अर्ध्या तासात कोणी येऊन सांगितलं का, की थांबू नका? शेवटी जो असोसिएट आला, त्याने नवी वेळ दिली की नुसतं हात वर केले? तो स्वतः ओशाळलेला होता का? हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारते. ज्या ऑफिसात असोसिएट पाहुण्यासमोर ओशाळतो, तिथे निदान हे चुकीचं आहे एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. जिथे तो सहज खांदे उडवतो, तिथे त्यालाही रोज असंच बसवून ठेवतात.

तरीही मी म्हणेन की एक संधी द्या, फक्त या वेळी तुमच्या अटींवर. मेल इंग्रजीत जाईल; मजकूर साधारण एवढाच ठेवा: "गुरुवारी माझ्या मॅटरमध्ये साक्षीदाराचा उलटतपास असल्याने मला येता येणार नाही. येत्या शनिवारी सकाळी अकरा ते दोन, किंवा पुढच्या आठवड्यात कोणत्याही संध्याकाळी सातनंतर व्हिडिओवर मला जमेल. याआधी दोनदा मी ऑफिसात येऊन परतले आहे, त्यामुळे नक्की झालेली वेळ आदल्या संध्याकाळपर्यंत कळवावी ही विनंती." दिलगिरी नको, टोमणा नको, आणि तिन्ही वेळांचा पाढाही नको. "दोनदा येऊन परतले" हे तीन शब्द पुरेसे आहेत. वाचणारा पार्टनर थोडा जरी शहाणा असेल, तर त्याला कळतं की ही मुलगी तारखा लक्षात ठेवते आणि आवाज न चढवता सांगते. कोर्टात आपल्याला दुसरं काय हवं असतं?

शनिवार मुद्दाम सुचवलाय. हायकोर्ट शनिवारी सहसा बसत नाही, आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारी जिल्हा न्यायालयांनाही सुट्टी असते. मी स्वतः मुलाखती शनिवारीच ठेवते. त्याहून चांगला काळ मे महिन्यातल्या सुट्टीचा, जेव्हा पार्टनरही माणसात असतात. आणि रात्री साडेआठची वेळ दिली, तर सरळ व्हिडिओ मागा. बदलापूर-डोंबिवलीच्या मुलीला बीकेसीत रात्री नऊपर्यंत बसवून "आमच्याकडे असंच असतं" म्हणणाऱ्यांचं मला कौतुक नाही. ही चिकाटीची परीक्षा आहे असं सांगतात. परीक्षा वगैरे काही नसते, फक्त कोणी घड्याळाकडे पाहिलेलं नसतं.

ही शनिवारचीही वेळ त्यांनी न कळवता मोडली, तर दोन ओळींत आभार मानून विषय संपवा. पाचवी वेळ नको.

मुलाखत झालीच, तर तुम्हीही प्रश्न विचारा. तीन वर्षं झालेल्या वकिलाने "काही विचारायचंय?" यावर "नाही मॅडम" म्हणू नये. पैशाचा प्रश्न: पगार की रिटेनर (ठरलेली मासिक फी)? बहुतेक फर्ममध्ये असोसिएट रिटेनरवर असतात, दहा टक्के टीडीएस कापून फी मिळते, त्या टीडीएसचं प्रमाणपत्र हातात पडतं. त्याचं मूळ कारण असं की बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकर होता येत नाही. पण याचाच अर्थ पीएफ, ग्रॅच्युइटी, रजा यांपैकी काहीही आपोआप येत नाही. जे पत्रात लिहिलंय तेवढंच तुमचं. म्हणून नोटिसचा कालावधी आणि रजा पत्रात आहे का ते बघा. सोडल्यानंतर अमुक काळ कुठे प्रॅक्टिस करायची नाही असं कलम दिसलं तर घाबरू नका. करार कायद्याचं कलम 27 तुमच्या बाजूने आहे. पण ते कलम घालणारं ऑफिस कसं आहे, याची नोंद मनात करून ठेवा.

कोर्टाचा प्रश्न: पहिल्या वर्षात मी किती वेळा स्वतः उभी राहीन? उत्तर "खूप एक्सपोजर मिळेल" असं आलं, तर पुन्हा विचारा: गेल्या महिन्यात माझ्या वयाच्या असोसिएटने कोणतं मॅटर स्वतः चालवलं? इथे एक तर नेमकं नाव येतं, नाही तर छताकडे बघणं येतं.

चाचणी म्हणून ड्राफ्ट करायला दिला, तर तासाभराचं काल्पनिक प्रकरण जरूर करा. चालू मॅटरचे कागद देऊन "दोन दिवसांत रिजॉइंडर (समोरच्याच्या उत्तराला प्रत्युत्तर) करून पाठवा" म्हणाले, तर नम्रपणे नाही म्हणा. ती चाचणी नव्हे, फुकटचं काम आहे. वर तुम्ही ज्यांच्या वकीलच नाही त्या अशिलाची गोपनीय माहिती तुमच्या लॅपटॉपवर येते. उलट बाजूने, तुमच्या कामाचा नमुना म्हणून सध्याच्या ऑफिसचा ड्राफ्ट नावं खोडूनसुद्धा देऊ नका. नावं खोडली तरी तथ्यांवरून मॅटर ओळखता येतं, आणि अशिलाने वकिलाला सांगितलेलं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 132 ने संरक्षित आहे. कायद्याच्या एखाद्या मुद्द्यावर चार पानांचं टिपण स्वतः नव्याने लिहा, तेच घेऊन जा.

आणि "लग्नाचं काय ठरलंय?" हा प्रश्न अजूनही येतो. बायकाही विचारतात. मी मुलींना एकच उत्तर सांगते: "माझ्या कामाच्या वेळांवर त्याचा काही परिणाम होणार असेल तर मी तेव्हा सांगेन. आत्ता मी दोन आठवड्यांत रुजू होऊ शकते." एवढं बोलून गप्प बसायचं.

आता एक नाजूक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. ती फर्म तुमच्या ऑफिसच्या कोणत्याही चालू मॅटरमध्ये समोर आहे का, हे मुलाखतीआधीच तपासा. असेल, तर बोलणी पुढे सरकताच त्या फाइलपासून लांब व्हा. ज्या पक्षासाठी तुम्ही सल्ला दिला, प्लीडिंग (दावा, उत्तर वगैरे) केलं किंवा उभ्या राहिलात, त्याच्या विरुद्ध पक्षासाठी त्याच मॅटरमध्ये काम करायला बार कौन्सिलच्या आचारनियमांत स्पष्ट मनाई आहे. फर्मलाही हे पहिल्याच भेटीत सांगा. यातून तुमचं वजन वाढतं.

ऑफिसकडे वळते, कारण मला वाटतं तुमचा खरा त्रास तिथे आहे. मुलाखतीवरचा राग बराचसा तिथूनच आलाय.

वकिलांच्या ऑफिसातलं राजकारण फिरून-फिरून तीन गोष्टींभोवती असतं: ड्राफ्ट कोणाचा, कोर्टात उभं कोण राहणार, आणि बातमी आधी कोणाला कळते. ड्राफ्टची चोरी झाली म्हणून सरांकडे तक्रार घेऊन जाऊ नका. तक्रारीत तुम्ही आणि तो एका पातळीवर येता, आणि सरांना दोन ज्युनियरचं भांडण सोडवण्यात शून्य रस असतो. पुढच्या ड्राफ्टपासून सवय लावा: तयार झाला की त्याच दिवशी थेट सरांना मेल, आणि त्यात एक-दोन ओळी अशा, ज्या फक्त लिहिणाऱ्यालाच लिहिता येतील. "सर, परिच्छेद 14 मध्ये विलंबाचा मुद्दा घेतलाय, पण 2019 च्या पत्राची पोच आपल्याकडे नाही, अशिलाकडे मागितलीये." ही ओळ चोरता येत नाही. मग लिस्ट ऑफ डेट्स (घटनांची तारीखवार यादी) स्वतः करा आणि काउन्सेलकडच्या कॉन्फरन्सला जाण्याची परवानगी मागा. कॉन्फरन्समध्ये काउन्सेल विचारतात, "ठराव कुठे आहे?" तेव्हा जो पान 87 असं पटकन सांगतो, ड्राफ्ट त्याचा. दुसरा फाइल उलटत बसतो. दोन-तीन कॉन्फरन्समध्ये हा प्रश्न कायमचा सुटल्याचं मी पाहिलंय, एक शब्दही न बोलता.

शिवाय सिनियर मंडळी दाखवतात त्यापेक्षा बरंच ओळखून असतात. प्रत्येक ज्युनियरच्या ड्राफ्टला स्वतःची खोड असते. कोणी प्रत्येक परिच्छेद "विदाउट प्रेज्युडिस" ने सुरू करतो, कोणाचे स्वल्पविराम कायम चुकीच्या जागी. तुमच्या सरांनी तीन वर्षं तुमचे ड्राफ्ट वाचलेत. त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. कळूनही ते गप्प आहेत, कारण तो मुलगा एखाद्या मोठ्या अशिलाचा नातेवाईक असेल, किंवा काम वेळेवर झालंय ना, मग पुढे जाऊ, असा त्यांचा स्वभाव असेल. दुसरं कारण असेल तर राहता येतं. पहिलं असेल तर वर्षभरात काही बदलणार नाही.

ऑर्डरवर नाव येणं हा वेगळाच खेळ. सर्वोच्च न्यायालयात हजेरीच्या यादीत न आलेल्यांचीही नावं घालायची रीत इतकी वाढली, की मार्च 2025 मध्ये न्यायालयाला निकालच द्यावा लागला: जे प्रत्यक्ष हजर राहून काम चालवतात आणि त्यांना जे साहाय्य करतात, त्यांचीच नावं नोंदवायची. हा निकाल तिथल्या पद्धतीपुरता आहे, पण आपल्याकडच्या ऑफिसांनीही त्यातून काही घ्यावं. तुम्ही कोर्टात असाल तेव्हा हजेरीची चिठ्ठी तुम्हीच लिहा. जो चिठ्ठी लिहितो तो स्वतःचं नाव विसरत नाही.

क्लार्कचं म्हणाल तर आधी स्वतःची बाजू मजबूत करा. बोर्ड हायकोर्टाच्या संकेतस्थळावर सगळ्यांना दिसतं, जिल्हा न्यायालयांच्या तारखा ई-कोर्ट्सवर. स्वतःच्या मॅटर्सची यादी ठेवा, रोज रात्री स्वतः बघा. तुम्हाला बोर्ड आधी माहीत असलं की उशिरा पाठवण्यातली गंमतच जाते. आणि मग, राग बाजूला ठेवून, तो असं का करतो ते बघा. ऑफिस ऑब्जेक्शन (कोर्टाच्या रजिस्ट्रीने दाखवलेल्या त्रुटी) काढायचे कागद तुम्ही त्याला सव्वाचारला देता का? रजिस्ट्रीतली बोलणी तो खातो आणि सरांसमोर तुम्ही "क्लार्कने केलं नाही" म्हणता का? बहुतेक ऑफिसांत क्लार्क आपल्या आधीपासून असतो आणि आपल्यानंतरही राहणार असतो. कोणत्या कोर्टात सर्क्युलेशन (मॅटर बोर्डावर लावून घ्यायची परवानगी) कधी मिळतं, कोणत्या डिपार्टमेंटला फाइल अडकलीये, हे त्याच्याइतकं कोणालाच कळत नाही. "भाऊ, बोर्ड मला रात्री नऊपर्यंत लागेल, ठाण्याला सकाळी लवकर निघायचं असतं," असं एकदा समोर बसून, चहा घेत सांगा. व्हॉट्सअॅपवर नको.

अजून एक राजकारण आहे, ज्याबद्दल मुंबईच्या ऑफिसांत कोणी मोठ्याने बोलत नाही. लातूर-नांदेड-साताऱ्याहून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना खालच्या कोर्टात पाठवतात, आणि साउथ बॉम्बेच्या इंग्रजीवाल्यांना काउन्सेलच्या कॉन्फरन्सला नेतात. तुम्ही ठाणे करता यावरून मला शंका आली. हे अन्यायाचं आहे. पण त्याचा एक उलटा फायदा होतो, तो ओळखून ठेवा. जिल्हा न्यायालयात पुरावा नोंदवला जातो, साक्षीदार मराठीत बोलतो, सात-बारा आणि फेरफार वाचावे लागतात. तीन वर्षांत स्वतः उलटतपास घेतलेले असोसिएट मोठ्या फर्ममध्ये फारसे सापडत नाहीत. ऑगस्ट 2025 मध्ये कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांचं काम तिकडे जातं. मराठी रेकॉर्ड सहज वाचणाऱ्या आणि इंग्रजीत युक्तिवाद करणाऱ्या ज्युनियरची किंमत तिथे काय आहे, तेही एकदा बघा. लोअर परळ हा एकच रस्ता नाही.

कुजबुजीबद्दल: खोटं बोलू नका. "बरं नव्हतं" सांगून सुट्टी घ्यायची आणि लोअर परळला कोणाच्या तरी नजरेस पडायचं, हे इथे फार सहज होतं. त्या फर्मच्या पार्टनर कदाचित तुमच्या सरांना ब्रीफही करत (मॅटर्स देत) असतील. "वैयक्तिक कामासाठी अर्धा दिवस हवाय" एवढंच सांगा. ऑफर लेखी हातात येईपर्यंत आपणहून विषय काढायची गरज नाही. पण सरांनी सरळ विचारलं, तर सरळ सांगा: "हो सर, एका ठिकाणी बोलणं चालू आहे. माझ्याकडच्या मॅटर्सना धक्का लागणार नाही." रागावतील कदाचित. पुढे कधीतरी तुमच्याबद्दल कोणी विचारलं, तर ते हेच वाक्य आठवून उत्तर देतील. पैशाचं बोलणं झालं, तर बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकात ज्युनियरना शहरात महिन्याला किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत असं सुचवलंय, हे माहीत असू द्या. ती शिफारस आहे, सक्ती नाही; पण आकडा काढायला कामी येते.

एक रेष मात्र वेगळी ओढते. तुमच्या प्रश्नात तसं काही नाही, तरी इतर वाचणाऱ्यांसाठी: अंगलट येणं, घाणेरडे मेसेज, रात्री उशिरा एकटीला थांबवून घेणं, याला राजकारण म्हणायचं नाही. दहा किंवा अधिक माणसं काम करतात त्या ऑफिसला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याखाली अंतर्गत समिती हवीच. लहान चेंबर असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांत करायची, पुरेसं कारण असेल तर आणखी तीन महिने वाढवून मिळतात. "तू रिटेनर आहेस, तुला लागू नाही" असं कोणी म्हणालं, तर त्या कायद्यातली कर्मचाऱ्याची व्याख्या वाचायला सांगा. शिकाऊ आणि बिनपगारीही तिच्यात येतात.

सोडायचं ठरलंच, तर कागद नीट करून निघा. ज्या वकीलपत्रांवर तुमची सही आहे, त्यांची यादी करून सरांना द्या आणि जिथे लागेल तिथे ना-हरकत लिहून द्या. काही ऑफिसांत ई-फायलिंग ज्युनियरच्या लॉगिनवरून होतं. तसं असेल तर ती मॅटर्स ऑफिसच्या खात्यावर घ्यायला सांगा, नाही तर वर्षभर दुसऱ्यांच्या तारखांचे मेसेज तुमच्या फोनवर येत राहतील आणि एखादी चुकली तर बोट तुमच्याकडे दाखवलं जाईल. अशिलांना "मी आता अमुक फर्ममध्ये आहे" असे मेसेज पाठवू नका. काम मागत फिरायला आचारनियमांत मनाई आहे. ज्याला यायचंय तो तुम्हाला शोधत येईल. आणि ठाण्याचा तो साक्षीदार पूर्ण होईपर्यंत फाइल सोडू नका. अर्धा उलटतपास नव्या माणसाच्या हातात देणं अशिलाला महागात पडतं. फर्मला रुजू होण्याची तारीख त्या हिशोबाने द्या, आणि ती ऑफरच्या पत्रात लिहून घ्या.